फायबरची केबल डक्टमधून आणण्याबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे (पश्चिम)

विषय : बी विंगमध्ये फायबर इंटरनेटची केबल टेलिफोनच्या डक्टमधून (तारांसाठीच्या उभ्या पोकळीतून) घेण्यास परवानगी मिळणेबाबत

मा. अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी आमच्याकडे फायबरचे, म्हणजे काचतंतूच्या केबलने येणाऱ्या इंटरनेटचे कनेक्शन जोडायला माणूस येणार आहे. काल तो घर पाहून गेला. गच्चीवरून केबल सोडायची, हॉलच्या खिडकीशेजारी भोक पाडायचे, अर्ध्या तासात काम संपेल, असे त्याचे म्हणणे. मी त्याला थांबवले आहे.

बाहेरच्या रंगकामासाठी आपण सगळ्यांनी वर्गणी भरली. त्याच भिंतीवर पश्चिमेच्या बाजूने आज अकरा काळ्या केबली लोंबताहेत. मी खाली उभे राहून मोजल्या. गेल्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमला ओल आली, तिचे मूळ अशाच एका जुन्या भोकात निघाले. भोकाचा उतार घराच्या आत होता, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट भिंतीत शिरत होते. तो खर्च आम्ही केला, पण भिंत सगळ्यांची आहे.

आपल्याकडे टेलिफोनचा स्वतंत्र डक्ट आहे आणि तिथून प्रत्येक घरात एमटीएनएलच्या लँडलाइनसाठी भिंतीतून पाइप गेलेला आहे. फोन बहुतेकांनी बंद केले, तरी तार आतच आहे. तिच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधून दुसरीकडून हळूहळू ओढली की केबल घरात येते. फक्त कनेक्टर नंतर बसवायचा, नाहीतर तो पाइपात अडकतो. विजेच्या डक्टमधून मात्र केबल कोणालाही नेऊ देऊ नये. काचतंतूतून प्रकाश जातो, वीज नाही, हे खरे. पण केबलला बळकटी म्हणून पुष्कळदा पोलादी तार घातलेली असते आणि तिच्यात वीज उतरू शकते. आम्ही बिनधातूची केबल मागितली आहे.

दुसरी विनंती, प्रत्येक कंपनीला तळमजल्यावर जिन्याखाली एकच पेटी बसवू द्यावी. तिच्यातल्या स्प्लिटरमुळे, म्हणजे एका फायबरमधला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागामुळे, एका फायबरवर ३२ घरे जोडता येतात आणि आपल्या विंगमध्ये सदनिका २८. स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून सोसायटीच्या मीटरवर बोजा नाही. घरातल्या मॉडेमला आणि राउटरला छोटा यूपीएस लावला, तर इमारतीतले दिवे गेले तरी इंटरनेट सहसा चालू राहते. आमच्या सासूबाई महिन्यातून दोनदा डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतात, तेव्हा हे माझ्यासाठी फार महत्त्वाचे आहे.

घरातली तयारी आम्ही केली आहे. राउटर टीव्हीमागे ठेवला तर सासूबाईंच्या खोलीपर्यंत मध्ये एक आरसीसीचा खांब आणि लोखंडी कपाट येते. एका फोनचा हॉटस्पॉट वेगवेगळ्या जागी ठेवून दुसरा फोन घेऊन मी सगळे घर फिरले. पॅसेजमध्ये, खांद्याएवढ्या उंचीवर, फ्रिज आणि आरशापासून दूर अशी जागा सर्वांत चांगली निघाली. वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या सिग्नलचा वेग चांगला असला तरी भिंतीआड तो लवकर दुबळा पडतो, म्हणून जागा मध्यावरच हवी. हॉलमधल्या पाइपाच्या तोंडापासून पॅसेजपर्यंत दाराच्या चौकटीवरून केसिंग-पट्टी जाईल. कोपऱ्यावर केबल दुमडायची नाही, बांगडीएवढे गोल वळण ठेवायचे, हेही त्याला सांगितले आहे. दुमडलेल्या जागी प्रकाश गळतो आणि कनेक्शन सारखे तुटते.

तरी शनिवारी सकाळी १० ते दुपारी १ डक्टची चावी मिळावी आणि सोसायटीचे इलेक्ट्रिशियन हजर असावेत. त्यांचे पैसे आम्ही देऊ. केबल गेल्यावर मजल्यामजल्यावरची फट अग्निरोधक लेपाने बुजवून घेऊ, कारण आग लागली तर धूर याच फटींतून वर चढतो. पेटीची जागा कार्यकारिणीने आधी येऊन दाखवावी.

बाहेरच्या अकरा केबलींपैकी बंद कोणत्या, हे दिवाळीआधी शोधून त्या उतरवायला मी रविवारी दोन तास द्यायला तयार आहे. सोबत आणखी एक-दोघे मिळाले तर बरे होईल.

कंपनीला वेळ कळवायची असल्याने शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक सभासद
बी विंग, चौथा मजला