नमुना पहाटे घ्या

‘तलावांच्या पाण्याची महिन्यातून एक तपासणी पुरेशी’ हे आपल्या अंकातील लेखाचे म्हणणे पटले नाही. प्रश्न वेळेचाही आहे. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, म्हणून दुपारचा नमुना ठणठणीत दिसतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेते आणि पहाटे पाण्यातील प्राणवायूचे प्रमाण सर्वांत कमी असते. आंघोळीयोग्य पाण्यासाठीचा लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायूचा निकष भरदुपारी पुरा झाला, तरी मासोळ्यांना त्याचा काय उपयोग? नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरताना काठाशी हिरवी साय दिसते. काडीने ढवळली की रंगासारखी पसरते आणि वारा फिरला की पलीकडच्या काठाला जाते. एका जागच्या बाटलीत ती सापडेलच असे नाही. ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था १९५८पासून याच शहरात आहे. उन्हाळ्यात दर आठवड्याला, सूर्योदयापूर्वी, चार ठिकाणचे नमुने घेणे अवघड नसावे.

– एक वाचक, नागपूर