ॲनोड म्हणजे ‘धनाग्र’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गुरुवारच्या अभ्यास पुरवणीत बारावीच्या विद्युत रसायनशास्त्रावरील टिपणात ‘ॲनोड म्हणजे धनाग्र, म्हणून तो धनप्रभारित’ असे छापले आहे. डॅनियल घटाच्या, म्हणजे जस्त आणि तांब्याच्या पट्ट्यांपासून वीज देणाऱ्या घटाच्या, बाबतीत हे साफ चूक आहे. मात्र दोष एकट्या लेखकाचा नाही. तो आपल्या परिभाषेतच दडला आहे. शाळेत मूल विद्युत अपघटन, म्हणजे बाहेरून वीज देऊन द्रावणातला पदार्थ फोडणे, शिकते. तिथे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली पट्टी तोच ॲनोड, त्यामुळे ‘धनाग्र’ शब्द खपून जातो. बारावीत घट स्वतःच वीज देऊ लागतो आणि तेच मूल अडखळते. एकतीस वर्षे शिकवताना मी हे दर वर्षी पाहिले.

शेजारची मुलगी पुरवणी घेऊन आली, तेव्हा मी ओट्यावरच घट मांडला. मोरचूद आणि झिंक सल्फेट माझ्या तासगावच्या भावाने द्राक्षबागेसाठी आणलेले. काचेचे दोन ग्लास, मोरचुदाच्या पाण्यात तांब्याची पट्टी, दुसऱ्यात जस्ताची, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुती चिंधी. मल्टिमीटरची लाल वायर तांब्याला, काळी जस्ताला लावली. १.०४ व्होल्ट! पुस्तकातले १.१० नव्हे, पण चिंधीच्या सेतूला तेवढे पुष्कळ. तिने वायरींची अदलाबदल केली आणि आकड्यापुढे वजा उमटला. जस्त इलेक्ट्रॉन सोडते, म्हणजे तिथे ऑक्सिडीकरण होते, म्हणून तो ॲनोड. सुटलेले इलेक्ट्रॉन तिथूनच तारेत शिरतात, म्हणून तेच टोक ऋण. दोन्ही पट्ट्या तारेने जोडून रात्रभर ठेवल्या. सकाळी तांब्यावर ताजा, गुलाबीसर थर चढला होता. ते क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणे. ते जिथे होते, तो कॅथोड.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी पाहा. तिचे अधिक चिन्हाचे टोक कधीच बदलत नाही. पण वीज देताना त्या पट्टीवर क्षपण होते, चार्जिंगला लावली की ऑक्सिडीकरण. म्हणजे एकच पट्टी आधी कॅथोड, मग ॲनोड. तिला कायमचे ‘धनाग्र’ म्हणून मुलांनी काय समजायचे?

फॅरडेने १८३४ मध्ये हे शब्द रूढ केले, तेव्हा ग्रीकमधून ‘वर जाणारी वाट’ आणि ‘खाली जाणारी वाट’ एवढाच अर्थ घेतला होता. धन-ऋण आपण मराठीत आणताना चिकटवले. पुरवणीत यापुढे ॲनोड, कॅथोड असेच छापावे आणि चिन्ह प्रत्येक घटासाठी वेगळे द्यावे, ही कळकळीची विनंती.

खुलाशासोबत आकृतीही सुधारावी. इलेक्ट्रॉनांचा बाण जस्ताकडून तांब्याकडे तारेतून जायला हवा. टिपणात तो द्रावणातून काढला आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज