सापळा नव्हे, पायरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला डायनासोरांच्या विनाशावरचा लेख वाचला. ‘डेक्कन ट्रॅप’चे, म्हणजे सह्याद्री ज्यांतून घडला त्या दख्खनच्या लाव्हाथरांच्या नावाचे, मराठी ‘दख्खनचा सापळा’ असे केलेले पाहून हातातला चहा सांडता सांडता राहिला. हा ‘ट्रॅप’ स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. आंबेनळी घाटात गाडी थांबवून समोर पाहा, लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे रचलेले दिसतील.

एवढीच चूक असती तर पत्र लिहिले नसते. पण लेखाचा सारा रोख ‘डायनासोरांना आपल्या सह्याद्रीने संपवले’ असा आहे, आणि त्यात थोडी फुशारकीही डोकावते. लाव्हा वाहू लागताच हे प्राणी संपले असते, तर कच्छमधल्या अंजारला दोन लाव्हाथरांमधल्या गाळात त्यांची हाडे आणि अंड्यांची कवचे मिळाली नसती. थर निवले, त्यांवर पाणी साचले आणि डायनासोर तिथे पुन्हा वावरू लागले.

ज्वालामुखीवरचा खरा संशय आहे तो त्यातून निघालेल्या वायूंचा: सल्फर डायऑक्साइड, कार्बन डायऑक्साइड. घोडे अडते ते तारखांपाशी. २०१९ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत दोन गटांचे निबंध एकदमच आले. एकाने लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीतले झिरकॉन या खनिजाचे कण वयासाठी तपासले; विनाशाच्या आधीच्या काही दहा हजार वर्षांत लाव्ह्याचा मोठा लोंढा आला, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्याने खुद्द बसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या खडकाचे, वय काढले, तर सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतरचा निघाला! घाट तेच, हिशेब वेगळे. मग २०२० मध्ये समुद्रतळाच्या गाळावरून आणखी एक गोष्ट पुढे आली: दख्खनच्या वायूंमुळे वाढलेले तापमान अवकाशातून आलेला प्रचंड अशनी (विनाशाचा दुसरा संशयित) पडण्यापूर्वीच पुन्हा उतरले होते.

त्या अशनीला तुमच्या लेखकाने ‘काहींच्या मते’ म्हणून एका ओळीत वाटेला लावले आहे. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम या, जमिनीत दुर्मीळ पण अशनींत बरेच असणाऱ्या धातूचे असाधारण प्रमाण दाखवले. पुढे मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाखाली सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे, अशनीच्या आघाताने पडलेले विवर ओळखले गेले. धूळ, काजळी आणि गंधकाच्या धुक्याने सूर्य झाकोळला, झाडोरा खुंटला, मग तो खाणारे उपाशी, आणि त्यांना खाणारेही. जमिनीवरचे थोराड प्राणी गेले. बिळातले चिमुकले सस्तन, काही पक्षी, गोड्या पाण्यातल्या सुसरी-कासवे तगली. कुजका पाला, किडे, बिया यांवर भागवणाऱ्याला अंधारातही काही ना काही मिळते. कोण मेले आणि कोण वाचले, याचा मेळ मला तरी अशनीशीच अधिक बसतो. दख्खनने आधीच त्यांचे जगणे अवघड केले होते का, हा वाद जरूर छापा, पण वाद म्हणून.

लेख पुन्हा कुठे छापणार असाल, तर ‘सापळा’ काढा. चित्रातला तो शंकूसारखा डोंगरही काढा. आपल्याकडचा लाव्हा बहुतांशी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला होता.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा