अठ्ठावन्न की साठ, सही करण्याआधी थोडं ऐक

प्रिय संदीप,

तुझा मेसेज मिळाला. तुम्हा पोलिसांना युनियन करता येत नाही म्हणून घरच्यांच्या सह्या घेऊन निवेदन द्यायचं, रिटायरमेंट 58 ची 60 करा, आणि त्यावर माझीही सही पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये हे, म्हणून सविस्तर लिहितोय.

सेंट्रल गव्हर्नमेंटवाल्यांना 1998 पासून साठ आहे, आयपीएस साहेब साठला जातात आणि शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंत सगळे अठ्ठावन्नला घरी, हे तुला खुपतं ते मला कळतं रे. पण साहेबांचं एकोणसाठावं वर्ष आणि हवालदाराचं एकोणसाठावं वर्ष सारखं नसतं. अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त करून अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी नायगावच्या क्वार्टरमध्ये यायचे, बूट निघायचा नाही इतका पाय सुजलेला, मोज्याच्या इलॅस्टिकची खाच पोटरीत रुतलेली, आई मिठाच्या गरम पाण्याची बादली आणून ठेवायची आणि ते पाय बुडवून बसल्या बसल्याच झोपायचे. शुगर, गुडघे सगळं होतंच. एप्रिल 2020 ला कोविडमध्ये पोलीस गेले तेव्हा मुंबईत पंचावन्नच्या वरच्यांना घरीच थांबा म्हणून सांगावं लागलं होतं, आठवतंय ना?

तू म्हणशील तुकाराम ओंबळे पन्नाशीच्या पुढचेच होते आणि नुसत्या लाठीवर गिरगाव चौपाटीला कसाबला भिडले. खरंय, त्यांचं नाव निघालं की आजही छाती भरून येते. म्हणूनच माझं म्हणणं आहे की असा माणूस आपण नाकाबंदीला रात्रभर उभा करून संपवायचा का? अनुभव पाहिजे ना, मग शेवटची दोन वर्षं ज्याला हवीत त्यालाच द्या, मेडिकल करून, आणि बंदोबस्त, रात्रपाळी नको. मुद्देमाल, समन्स-वॉरंट, कोर्टातली पैरवी, नाहीतर मरोळच्या ट्रेनिंग सेंटरला नवीन पोरांना शिकवायला पाठवा. सरसकट साठ केलं तर खालच्यांचं प्रमोशन पण तटतं, 2022 ला शिपाई आणि हवालदाराच्या मधलं नाईक पद काढलं ते पोरांना लवकर हवालदार होता यावं म्हणूनच ना. आणि भरती? 2024 ला 17,471 जागांना सतरा लाखांच्या वर अर्ज आले होते, सोळाशे मीटर पळून पळून पोरांची वयं निघून जातात.

आठ तास ड्युटीचं तर विचारूच नको. 2016 ला देवनारला सुरू झाली, कल्पना एका शिपायाचीच होती, केवढा आनंद झाला होता सगळ्यांना, पण सण आला, सभा आली, व्हीआयपी आला की तुझे आठ तास कुठे जातात ते वहिनीला विचार. आधी ते पक्कं करून घ्या.

आणि खरं सांग, तुझ्या डोक्यात क्वार्टरच आहे ना? रिटायर झालं की खोली सोडायची, बदलापूर-विरारला घर घ्यायचं तर लोन कोण देतं त्या वयात, पोरगी अजून शिकतेय. ही काळजी मला शंभर टक्के मान्य आहे, पण मग घर मागा ना सरळ, नोकरीत असतानाच, हक्काचं. घरासाठी अजून दोन वर्षं शरीर झिजवायचं हे मला पटत नाही.

निवेदनात घर, आठ तास आणि ज्याला पाहिजे त्यालाच साठ, हे घाल. मसुदा पाठव, मी रविवारी नीट टाईप करून देतो आणि माझी सही त्यावर सगळ्यात आधी असेल. काकूंना नमस्कार सांग, बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुझा,
मंग्या