शनिवारची शिल्पसहल : सिअ‍ॅटल ऑलिम्पिक स्कल्प्चर पार्क

सभासदहो, येत्या शनिवारी सकाळी १० वाजता ब्रॉड स्ट्रीटच्या प्रवेशद्वारापाशी जमूया. तिकीट नाही. पार्किंगची जागा मात्र मोजकीच, तेव्हा शक्यतो एका गाडीत चार-पाच जण या.

एकेकाळी इथे इंधनाच्या टाक्या होत्या. जमीन स्वच्छ करून २००७ मध्ये ९ एकरांचे हे उद्यान खुले झाले. नागमोडी वाट रस्ता आणि रेल्वेरूळ ओलांडून थेट पाण्याकाठी उतरते. वाटेत शिल्पकार काल्डरचे लालभडक ‘ईगल’ हे शिल्प दिसेल. फोटो तिथेच काढून घ्या, सगळे तिथेच थांबतात. खाली किनाऱ्यावर शिल्पकार प्लेन्साची ४६ फुटी ‘एको’ आहे : डोळे मिटलेला मुलीचा पांढरा चेहरा. समोरून भरीव वाटतो, बाजूने पाहिलात तर चकित व्हाल.

लहान मुलांच्या पालकांना विनंती : शिल्पकार सेराच्या ‘वेक’ या शिल्पाच्या पोलादी भिंतींमधून खुशाल फिरा, पण हात लावू देऊ नका. चढायचे तर नाहीच. शिल्पकार बूर्ज्वाने घडवलेल्या, डोळ्यांच्या आकाराच्या बाकांवर मात्र बसता येते.

पाण्यावरून गार वारा येतो, जाकीट आणा. डबा आपापला. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत गटावर कळवावे.