खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेल्या दादांना

नमस्कार दादा,

तुमचं नाव लिहीत नाही. "काम सांगा ताई, नाव नका सांगू, फोन थांबत नाही मग," असं तुम्हीच बजावलं होतं. मानेवाड्याहून भर उन्हात गाडीवर येणारा, तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा असलेला माणूस, एवढी ओळख पुरे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. नागपूरच्या गांधीबागेत आमचं औषधांचं होलसेल. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि नवरा पाहतो. अकरा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, उमरेड-काटोल-सावनेरपर्यंतचे मेडिकलवाले. मे महिन्यातल्या एका शनिवारी सर्व्हर बंद पडला तो उठलाच नाही. 20 तारखेचं जीएसटीचं 3बी, म्हणजे महिन्याचं विवरण, तीन दिवसांवर. बॅच नंबर आणि एक्सपायरी घातल्याशिवाय औषधाचं बिल फाडता येत नाही, आणि ते सगळं त्या बंद डब्यात. उमरेडचा पोरगा इन्सुलिनसाठी बर्फाचा डबा घेऊन दारात उभा. मुनीमजींनी जुनं बिलबुक शोधून हातानं लिहायला घेतलं.

कॉम्प्युटर सांभाळायला घरचा, म्हणजे पगारी माणूस ठेवावा की बाहेरच्या कंपनीला काम द्यावं, हा घोळ आमचा दोन्हीकडून घालून झाला होता. आधी घरचा ठेवला. पोट्टा हुशार होता, पण अकरा कॉम्प्युटरमध्ये दिवसभराचं काम कुठलं? तो बँकेत चेक टाकायचा, माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रिंट काढायचा आणि उरलेल्या वेळात पुण्यात नोकरी शोधायचा. सापडली. त्याच्यावर राग नाही, आम्ही देत होतो त्या पगारात कोण थांबणार? पण सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यातूनच पुण्याला गेले. आमच्या दुकानाची वेबसाइट त्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतली होती, हे ती बंद पडल्यावर कळलं.

मग दुसरं टोक गाठलं, वर्षाचा करार. करारात "चार तासांत प्रतिसाद" असं ठळक अक्षरात. पहिल्यांदा प्रिंटर अडला तेव्हा समजलं की प्रतिसाद म्हणजे "आपली तक्रार नोंदवली आहे" हा मेल. दुरुस्ती किती वेळात, याबद्दल करारात एक ओळ नव्हती. न वाचता सही केली, ती चूक आमची. दर महिन्याला रिपोर्ट मात्र न चुकता यायचा, बॅकअपसमोर हिरवी टिक. त्या शनिवारी सकाळी नऊपासून मी त्यांना फोन लावत होते. "मॅडम, तिकीट उघडलंय." तिकीट म्हणजे त्यांच्याकडची तक्रारीची नोंद. दुपारी दीडला मेसेज आला, ग्राहकाकडून उत्तर न आल्यानं तिकीट बंद करत आहोत. बाप्पा! फोन कानाला लावूनच मी तो मेसेज वाचला.

समोरच्या सर्जिकलवाल्यांनी तुमचा नंबर दिला आणि तासाभरात तुम्ही आलात. सर्व्हरला हात लावण्याआधी तुम्ही बाजूच्या कूलरकडे पाहिलंत. "ताई, हा याच्यावर कधीपासून सोडलाय?" तीन उन्हाळे. मशीन तापते, तिलाही हवा लागू दे, असा आमचा भाबडा हिशेब. तुम्ही झाकण उघडून दाखवलंत. आत पांढरा थर, बोअरच्या पाण्याचा, गीझरच्या कॉइलवर चढतो तसा. करार केलेल्यांपैकी एकानंही ती खोली कधी पाहिली नव्हती. त्यांचं सगळं लांबून, स्क्रीनवरून, आणि स्क्रीनवर कूलर कुठे दिसतो?

हिरव्या टिकेखालचा बॅकअपही तुम्हीच उघडलात. मागच्या जूनपासून रोजच्या तारखेची फाइल होती, नाव बरोबर, आकार शून्य.

पुढचं सगळं मला कळलं असं म्हणणार नाही. सीएंकडे 31 मार्चची एक प्रत निघाली. एप्रिलच्या बिलांचे आकडे पोर्टलवरच्या आमच्याच विवरणातून जुळवले. मे महिना उभा राहिला तो मुनीमजींच्या कागदी प्रतींवर, ज्या जपून ठेवतात म्हणून आम्ही त्यांना वर्षानुवर्षं हसत आलो. रविवारी सगळा स्टाफ रॅकवरच्या बॅचा मोजायला आला. 3बी वेळेत गेलं.

पण पत्र त्यासाठी नाही.

रविवारी रात्री अकराला तुम्ही एक वही मागितलीत. दुकानात वही नव्हती, कफ सिरपची जाहिरात असलेली एका औषध कंपनीची जुनी डायरी होती. तुम्ही पाऊण तास तिच्यात लिहीत बसलात. कुठलं खातं कोणाच्या नावावर, कुठली वायर कुठे जाते, नेट गेलं तर कोणाला फोन करायचा. मराठीत, आमच्या बिलिंगच्या मुलीला कळेल असं. "निळी वायर वरच्या गोडाऊनची. ओढू नये." पहिल्या पानावर लिहिलंत, "मी आलो नाही तर ही डायरी दुसऱ्या कोणत्याही माणसाला द्यावी."

मग म्हणालात, "मुख्य पासवर्ड तुम्ही टाका, ताई." आणि खुर्ची वळवून भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे तोंड करून बसलात.

मला टायपिंग जमत नाही. दोनदा चुकले, दोन्ही वेळा दोन रकाने जुळले नाहीत. तुम्ही वळला नाहीत, घाई केली नाहीत, "मी टाकून देतो" म्हणाला नाहीत. कॅलेंडरवरची एकादशी वाचत बसलात. इतकी वर्षं आमच्या दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या खिशात होत्या, आणि आपण मालक आहोत हे मला त्या रात्री कोणीतरी पाठ फिरवून दाखवलं. घरी जाताना रिक्षात रडले. दमले होते म्हणूनही असेल.

आमच्या लहानपणी महालातला पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून आधी बुडबुडा दाखवायचा, मग पॅच लावायचा. पोरांना काय कळतं म्हणून दोनाचे चार पंक्चर सांगणारेही होते, पण रांग याच्याकडे असायची. तुम्ही त्याच जातकुळीतले.

तुम्ही निघताना नवऱ्यानं विचारलं होतं, मग आता घरचा ठेवायचा की बाहेरचा? तुम्ही म्हणालात, रोजचं तुमच्या बिलिंगच्या मुलीला शिकवतो, मोठं काही निघालं तर मला बोलवा, आणि दोघांवरही भरवसा ठेवू नका. म्हणून आता डेटाच्या तीन प्रती आहेत. त्यातली एक माझ्या डब्याच्या पिशवीतून रोज घरी येते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती मुलगी बॅकअपमधून एक जुनं बिल काढून मुनीमजींच्या हातात देते आणि ते आपल्या कागदी प्रतीशी ताडून पाहतात. एखादा पैसा चुकलेला सापडावा अशी त्यांची फार इच्छा दिसते. अजून सापडलेला नाही. कूलर आता आमच्या अंगावर असतो.

त्या दोन दिवसांचं बिल तुम्ही अजून पाठवलेलं नाही. मुनीमजी दर सोमवारी विचारतात, त्यांची ओळ कोरी राहिली आहे. पाठवा.

तुमची,
गांधीबागेतली ताई