जाळे तुटते, साखळ्या उरतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान पुरवणीतील विघटनशील जाळीदार पॉलिमरवरचा (लांब साखळ्या आडव्या दुव्यांनी बांधलेला पदार्थ) लेख वाचून वस्तू मातीत टाकली की संपली, असा समज होतो. तसे नसते. जाळ्याचे आडवे दुवे तुटले तरी लांब साखळ्या शाबूत राहतात. जेल, म्हणजे द्रावक शोषून फुगलेले जाळे, द्रावकात विरघळते, एवढेच. मात्र त्या विरघळण्याचा एक मोठा उपयोग लेखात राहून गेला. अखंड जाळे कोणत्याच द्रावकात जात नाही, त्यामुळे आतल्या साखळ्यांची लांबी मोजता येत नाही. तोडले की मोजता येते.

उदाहरणार्थ, मोनोमर (साखळीचा एकेक मणी) म्हणून मिथाइल मेथाक्रिलेट १० ग्रॅम, दोन्ही टोकांना मेथाक्रिलेट आणि मधे डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध असलेला क्रॉसलिंकर (आडवा दुवा) ०.५८ ग्रॅम, साखळीची वाढ आवरणारा राफ्ट एजंट (सायनोप्रोपिल डायथायोबेंझोएट) ०.११ ग्रॅम, अभिक्रिया सुरू करणारे एआयबीएन १६ मिलिग्रॅम आणि द्रावक म्हणून टोल्यूइन १० मिली घ्यावे. मोनोमर अल्युमिनाच्या थरातून गाळून इनहिबिटर (साठवणीत अभिक्रिया रोखणारे द्रव्य) काढावा, नायट्रोजन अर्धा तास सोडावा आणि मिश्रण ७० अंश सेल्सिअसला सुमारे एक दिवस ठेवावे. या मापात एका साखळीमागे २०० मोनोमर आणि ४ क्रॉसलिंकर पडतात. क्रॉसलिंकर साखळीमागे एकाहून कमी असेल तर फांद्या फुटतात, जेल धरत नाही. द्रावक फार ओतला तर साखळी स्वतःलाच जोडली जाते आणि तो दुवा वाया जातो.

राफ्ट एजंट वगळून हेच मिश्रण तापवले तर मोनोमरचा थोडासा भाग संपताच जेल धरते: कुठे घट्ट गाठी, मधे पोकळ भाग. बाहेरून दोन्ही जेल सारखीच दिसतात, आणि फसगत इथेच होते.

फरक कळतो तो तोडल्यावर. जेल टीएचएफ या द्रावकात फुगवून न जुळलेला भाग धुऊन काढावा, मग डायसल्फाइड तोडणारे ट्रायब्युटाइलफॉस्फिन जास्तीचे आणि थोडे पाणी घालावे. पाणी विसरले तर डायसल्फाइड नीट तुटत नाही आणि दोष उगाच जेलला दिला जातो. (हे फॉस्फिन हवेत पेट घेऊ शकते, वासही असह्य असतो, काम नायट्रोजनखाली, फ्यूम हूडमध्येच.) तयार झालेले थायोल (तुटलेल्या बंधाची गंधकाची टोके) हवेत पुन्हा जुळून जेल बनवतात, म्हणून नमुना लगेच गाळून जीपीसीला (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्राला) द्यावा. राफ्ट एजंट घातलेल्या जेलमध्ये सगळा मोनोमर वापरला गेला असेल तर साखळीचे मोलर वस्तुमान २१ हजारांच्या आसपास आणि आलेखाचे शिखर अरुंद (साखळ्या जवळपास सारख्या लांबीच्या) यायला हवे. दुप्पट वस्तुमानाचा खांदा दिसला तर थायोल पुन्हा जुळल्याचा संशय आधी घ्यावा.

तुटणारा बंध नेमका कुठे आहे, हेही महत्त्वाचे. २०२० मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या गटाने पॉलिडायसायक्लोपेंटाडाईन या कडक प्लास्टिकमध्ये सिलिल ईथर (सिलिकॉन-ऑक्सिजन) बंध साखळीतच गुंफले. असे बंध सुमारे १० टक्के असताना ते प्लास्टिक फ्लोराइडने विरघळले. तेच बंध तेवढ्याच प्रमाणात आडव्या दुव्यांत घातले तेव्हा विरघळले नाही, कारण या प्लास्टिकमधले न तुटणारे इतर दुवे तसेच राहतात. ‘विघटनशील’ छापताना बंध कोणता, तो साखळीत की दुव्यात, कशाने तुटतो आणि मागे काय उरते, एवढे चार शब्द सोबत द्यावेत, ही विनंती.

आपले,
पॉलिमर रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे